खलनायकाचे वाक्य

रोलाँ बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकातला पहिलाच निबंध कुस्तीवर आहे, आणि तो मी पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षे शिकवला. पॅरिसच्या दुय्यम सभागृहांतून चालणारी ती कुस्ती म्हणजे क्रीडा नव्हे, ते एक दृश्य आहे. तिथे कोण जिंकतो याला महत्त्व नसून वेदना, पराभव आणि न्याय यांची चिन्हे प्रेक्षकाला स्वच्छ वाचता येणे याला महत्त्व आहे, असा त्या निबंधाचा गाभा. फळ्यावर 'चिन्हक' आणि 'चिन्हित' असे दोन रकाने आखून मी तो समजावीत असे. विद्यार्थी तो उतरवून घेत आणि परीक्षेत तसाच लिहीत. त्याच निबंधात बार्थ जाता जाता अमेरिकेविषयी एक निरीक्षण नोंदवतात. तिथली कुस्ती सत् आणि असत् यांची राजकीय छटेची पुराणकथा सांगते, आणि तिथला दुष्ट मल्ल हा बहुधा 'लाल', म्हणजे साम्यवादी, समजला जातो. हे निरीक्षण मी कधी फळ्यावर लिहिले नाही. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने ते किरकोळ होते. त्याचा अर्थ मला २००५ साली लागला, आणि तोही माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या एका वाक्यामुळे.

त्या वर्षी 'टेन स्पोर्ट्‌स' वाहिनीवरचे डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम आमच्या घरी नित्यनेमाने लागत. पाहणारा माझा मुलगा, वय वर्षे तेरा. मी शेजारच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसलेला असे आणि 'ही सगळी नुरा कुस्ती आहे' असे अधूनमधून म्हणून त्याचा विरस करीत असे. "बाबा, ते सगळ्यांना माहीत आहे," असे तो एकदा शांतपणे म्हणाला. जो निबंध शिकवायला मला चार तासिका लागत, तो त्याने एका वाक्यात आटोपला होता. वस्तुतः माझी संज्ञाच चुकली होती. नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक होते. इथे प्रेक्षक त्या बनावात भागीदार असतो. कंपनीने तर १९८९ सालीच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला खेळ म्हणजे करमणूक आहे, स्पर्धा नव्हे, हे मान्य करून टाकले होते. तरीही बनाव खरा म्हणून पाळायचा, मल्लाने आखाड्याबाहेरही आपले सोंग सोडायचे नाही, या संकेताला त्या धंद्यात 'केफेब' असा एक सांकेतिक शब्द आहे. कथानक ठरवणाऱ्याला 'बुकर' म्हणतात. कोणी जिंकायचे, कोणाची हुर्यो व्हायची, कोणाला कोणते वाक्य द्यायचे हे बुकर ठरवतो. हा शब्द मला पुढे लागणार आहे.

डिसेंबर २००४ मध्ये या कंपनीच्या रंगमंचावर महंमद हसन नावाचे एक पात्र अवतरले. डोक्याला अरबी रुमाल, दाढी कोरलेली, आणि सोबत खोसरो दैवारी नावाचा एक साथीदार. पण त्याचे म्हणणे पूर्वीच्या कोणाही 'शेख'पेक्षा वेगळे होते. मी परदेशी नाही, असे तो सांगे. मी इथे जन्मलो, इथे वाढलो, मी अरब-अमेरिकन आहे. ११ सप्टेंबर २००१ पर्यंत तुम्ही मला आपला मानत होता, त्या दिवसापासून माझ्याकडे संशयाने पाहू लागलात. मला इथे योग्य संधी मिळत नाही, आणि त्याचे कारण माझे नाव आहे. निवेदक त्याचे गाव म्हणून मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटचा पुकारा करीत. डेट्रॉइट आणि त्याला लागून असलेले डिअरबॉर्न येथे अरब वंशाच्या अमेरिकनांची केवढी मोठी वस्ती आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो पुकारा नुसता तपशील वाटणार नाही. हा मनुष्य मोडक्या इंग्रजीत गुरगुरत नव्हता. स्वच्छ अमेरिकन उच्चारांत, मुद्देसूद बोलत होता. आणि त्याचे प्रत्येक वाक्य संपण्याआधी सभागृह 'यू-एस-ए, यू-एस-ए' अशा घोषाने भरून जात होते.

जून २००५ मध्ये एका संध्याकाळी माझा तो जुना विद्यार्थी बहिणीच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन घरी आला. (त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. तो मुसलमान आहे, एवढे लेखाच्या दृष्टीने सांगणे आवश्यक आहे. आणि ते सांगणे आवश्यक व्हावे, हाच या लेखाचा विषय आहे असेही म्हणता येईल.) दूरदर्शनसंचावर हसन बोलत होता. माझा मुलगा सभागृहाच्या सुरात सूर मिसळून हुर्यो करीत होता. विद्यार्थी चहाचा कप हातात धरून दोनतीन मिनिटे पाहत राहिला आणि मग हसून म्हणाला, "सर, हा आपला अफझलखान."

मीही हसलो. मुलाने विचारले, "म्हणजे काय?" "काही नाही रे, आमच्या गॅदरिंगची गंमत आहे," असे तो म्हणाला, आणि आमंत्रणपत्रिका टेबलावर ठेवून निघून गेला.

ती गंमत कोणती हे सांगण्यापूर्वी हसनचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकी कुस्तीतल्या 'अरब' दुष्टाची परंपरा जुनी आहे आणि ती मोठी विनोदी आहे. तिच्यातले अरब सहसा जे दाखवले जातात ते नसतात. 'द शेख' म्हणून दोनतीन पिढ्यांना धडकी भरवणारा मल्ल हा मिशिगनमधल्या लेबनानी ख्रिस्ती कुटुंबातला एड फरहात होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला हा गृहस्थ आखाड्यात मुसलमानी नमाजाची नक्कल करीत असे. 'आयर्न शेख' हा मात्र खरोखरीचा इराणी, खरोखरीचा मल्ल. तेहरानमधल्या ओलिसांचे प्रकरण लोकांच्या मनात ताजे असताना, २३ जानेवारी १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हल्क होगनकडून हरला आणि त्या पराभवातून होगनयुग सुरू झाले. पुढे १९९१ मध्ये कुवेतच्या युद्धाच्या वेळी शत्रू बदलला, तेव्हा याच इराणी माणसाला 'कर्नल मुस्तफा' या नावाने इराकी लष्करी अधिकारी करण्यात आले. इराण आणि इराक यांचे आठ वर्षांचे युद्ध संपून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. चिन्हव्यवस्थेला अशा तपशिलांचे सोयरसुतक नसते. तिला दाढी आणि मिशी पुरते.

हसनच्या बाबतीत तर हा विनोद कळसाला पोचला. त्याचे सोंग वठवणारा मार्क कोपानी हा न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूझचा, इटालियन वंशाचा तरुण. दैवारी हा मिनेसोटातला, इराणी वंशाचा. हसन इंग्रजीत बोले आणि दैवारी त्याचे म्हणणे आवेशाने फारसीत म्हणून दाखवी. अरब-अमेरिकन माणसाचे इंग्रजी भाषण, इंग्रजीच बोलणाऱ्या प्रेक्षकांसाठी, फारसीत अनुवादित! अनुवादविद्येच्या अभ्यासकांनी याची दखल कशी घेतली नाही याचे मला आश्चर्य वाटते. तो अनुवाद कोणासाठी होता? समजण्यासाठी नव्हताच. हसनचे इंग्रजी ऐकून एखाद्या प्रेक्षकाला क्षणभर 'हा म्हणतो त्यात तथ्य आहे' असे वाटण्याची शक्यता होती. ती शक्यता बुजवण्यासाठी लगोलग न समजणारा एक ध्वनी सोडला जाई, आणि प्रेक्षक त्या ध्वनीला हुर्यो करू शके. आणि हसनने सांगितलेले अनुभव त्या दोघांपैकी ज्याला प्रत्यक्षात येण्याचा संभव होता, त्या दैवारीला मात्र स्वतःचे असे वाक्यच नव्हते.

तथापि हसनचे पात्र निखळ अन्यायग्रस्त नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. तो खोडसाळ होता, कपटी होता. ३ एप्रिल २००५ रोजी लॉस एंजेलिसला झालेल्या रेसलमेनियात आपल्याला लढत दिली नाही म्हणून तक्रार करीत तो आला, आणि कोणावर हात टाकला? युजीन या मतिमंद दाखवलेल्या, सर्वांच्या लाडक्या पात्रावर. मग होगन धावून आला आणि त्याने दोघांना झोडपून काढले. इथे बुकरचे कसब पाहण्यासारखे आहे. तक्रार खरी, पण ती करणाऱ्याच्या हातून लगेच एक अधम कृत्य करवून घ्यायचे, म्हणजे तक्रारीला उत्तर देण्याची गरज उरत नाही. कृत्याला दिलेला मार हेच तक्रारीचेही उत्तर ठरते. सात महिन्यांत हसनच्या मुद्द्याला कोणी मुद्द्याने उत्तर दिल्याचे मला आठवत नाही.

मग तो प्रसंग आला. ४ जुलै २००५ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ध्वनिचित्रमुद्रित झालेल्या 'स्मॅकडाउन'च्या भागात अंडरटेकर या मल्लाने दैवारीला हरवले. हसन प्रवेशमार्गाच्या उतारावर गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. त्या प्रार्थनेसरशी काळे बुरखे घातलेली पाच माणसे धावत आली. त्यांनी अंडरटेकरला दंडुक्यांनी मारले, तारेने त्याचा गळा आवळला, आणि निपचित पडलेल्या दैवारीला हुतात्म्यासारखे डोक्यावर उचलून घेऊन गेली. हा भाग प्रक्षेपित व्हायचा होता ७ जुलै रोजी. त्याच सकाळी लंडनमध्ये तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि बावन्न निरपराध माणसे मेली. ब्रिटनमध्ये तो प्रसंग गाळण्यात आला. अमेरिकेत 'यूपीएन' वाहिनीने प्रेक्षकांना सूचना देऊन तो दाखवला, आणि गदारोळ उठल्यावर हे पात्र आपल्या पडद्यावर नको असे कंपनीला बजावले. नंतरच्या आठवड्यात हसनचे एक भाषण मुद्रित झाले. आपण अमेरिकन आहोत, आणि आपले नाव ऐकताच लोक आपल्याला दहशतवादी समजून मोकळे होतात, असे तो त्यात पुन्हा म्हणाला. वाहिनीने ते दाखवले नाही. कंपनीने ते आपल्या संकेतस्थळावर ठेवले. त्याचे सर्वांत नेमके भाषण सर्वांत थोड्या लोकांनी ऐकले.

२४ जुलै रोजी बफेलोच्या 'ग्रेट अमेरिकन बॅश'मध्ये अंडरटेकरने त्याला हरवले आणि नंतर रंगमंच फोडून खाली आदळले. त्या खड्ड्यात हसन संपला. सप्टेंबरमध्ये कोपानीला कंपनीने मुक्त केले. पुढे तो शिक्षक झाला आणि न्यूयॉर्क राज्यातच एका शाळेचा मुख्याध्यापक झाला. ही शेवटची गोष्ट मला फार नंतर कळली, आणि का कोण जाणे, तिने मला बरे वाटले.

आता आमची गंमत. १९९४ साली ज्या महाविद्यालयात मी शिकवीत होतो, तिथल्या स्नेहसंमेलनासाठी मी प्रतापगडच्या प्रसंगावर एक एकांकिका लिहिली. लिहिली मी, बसवली मी, सूत्रधारही मीच झालो. भूमिका वाटताना खानासाठी मी एक क्षणही विचार केला नाही. "तुझा आवाज भारदस्त आहे," असे मी त्याला म्हटले. आवाज होताच भारदस्त, त्यामुळे मला त्या वेळी खोटे बोलल्यासारखे वाटले नाही. आजही मी ते पूर्णपणे खोटे होते असे म्हणणार नाही. त्याने एवढेच विचारले की महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, त्याची भूमिका नाही का? नव्हती. मी ती लिहिलीच नव्हती.

तालमी सुरू झाल्यावर तो ग्रंथालयातून काहीबाही वाचून येऊ लागला. एके दिवशी म्हणाला, "सर, खानाला एक वाक्य हवंय." कृष्णाजी भास्कर वकील छावणीत येऊन जावळीच्या मुलखाची अडचण सांगतो, त्या प्रसंगात खानाने म्हणायचे: 'वाईची सुभेदारी केली आहे आम्ही. ह्या घाटाचं पाणी आम्हांला नवं नाही.' वाक्य चांगले होते. इतिहासालाही धरून होते. खान वाईचा सुभेदार होता. त्यात खानाचे समर्थन नव्हते. उलट या मुलखाची माहिती असल्याचा त्याचा जो गर्व पुढे त्याला नडला, तो त्या वाक्यातून माझ्या सबंध एकांकिकेपेक्षा चांगला व्यक्त होत होता. दोन तालमींत त्याने ते म्हटले. तिसऱ्या दिवशी मी ते कापले. कारण सांगितले ते असे: "खान परका वाटला पाहिजे. तो इथला वाटला तर पुढच्या प्रसंगाची धार जाते." "बरं सर," तो म्हणाला.

प्रयोग रंगला. खान आला की शिट्ट्या, हुर्यो, पाय आपटणे. पडला तेव्हा छप्पर उडेल असा जल्लोष. महाराजांच्या नावाचा जयजयकार व्हायचा तो झालाच, आणि तो व्हावा यात गैर काही नव्हते. भूमिका त्याने उत्तम केली. पुढची दोन वर्षे मुले उपाहारगृहात त्याला 'ए खान' म्हणून हाक मारीत. त्याचे आडनाव वेगळे होते. तो हसत असे, आणि मी समोर असलो तर मीही हसत असे.

'हा आपला अफझलखान' या वाक्याचा अर्थ मला त्या जून महिन्यात लागला नाही. जुलैमध्ये, वर्तमानपत्रांत तो गदारोळ वाचताना लागला. तेव्हापासून हसनचे कथानक दुसऱ्या प्रकारे कसे रचता आले असते हा एक खेळ मी मनाशी खेळत आलो आहे. वीस वर्षे हे काही थोडे दिवस नव्हेत. एखाद्या टीकाकाराने यापेक्षा भारदस्त विषयावर ती घालवली असती, हे मला मान्य आहे.

पहिला मार्ग आपल्या ओळखीचा आहे. मराठीत खलपक्षाचे पुनर्कल्पन म्हटले की 'मृत्युंजय' (१९६७) आठवते. कर्णाच्या जन्माची व्यथा केंद्रस्थानी आणायची, त्याच्या औदार्याचा सूर वाढवायचा, आणि द्यूतसभेतला कर्ण त्या तेजात पुसट करायचा. या रीतीने हसन सहज नायक होतो. युजीनला मारणे गाळावे, विनाकारण सोसलेला अपमान ठळक करावा, आणि शेवटी सभागृहाने त्याच्या नावाचा घोष करावा. मी ही मांडणी अनेकदा केली आणि दर वेळी ती मला गुळमट वाटली. अन्याय झालेला माणूस सज्जनच असला पाहिजे, नाही तर त्याची तक्रार ऐकणार नाही, ही अट हुर्यो करणाऱ्याचीच अट आहे. तिला मान तुकवून केलेले उदात्तीकरण हे औदार्य नव्हे. कर्णाने सभेत काय केले हे पूर्ण लख्ख ठेवूनही त्याला विचारलेला जातीचा प्रश्न चुकीचा होता, असे म्हणता आले पाहिजे.

दुसरा मार्ग या धंद्याच्या ओळखीचा. १९९१ मध्ये सार्जंट स्लॉटर या अमेरिकी सैनिकाच्या सोंगातल्या मल्लाला इराकचा पक्षपाती बनवले होते. युद्ध संपल्यावर त्याने पश्चात्ताप केला, ध्वजाला मिठी मारली, माझा देश मला परत द्या अशी याचना केली, आणि तो पुन्हा लाडका झाला. स्लॉटरला परत जाण्यासाठी देश होता, म्हणून ही कथा जमली. हसनची तक्रारच मुळी 'मी कुठेही गेलेलो नाही' अशी आहे. जो घरातच उभा आहे त्याला घरी परतण्याचा प्रवेश लिहिता येत नाही. तरी तो लिहिला तर प्रेक्षक टाळ्या वाजवतील. पण त्या टाळ्यांचा अर्थ 'आता तू शपथ घेतलीस, आता चालेल' असा होईल.

कित्येक वर्षे हसनला बदलण्याचे असे प्रयोग केल्यावर माझ्या लक्षात आले की बदलायला हवा तो हसन नव्हेच. आपल्या कोकणातल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. देव आणि राक्षस यांची भूमिका करणारे नट उभ्या उभ्या वाद रचतात. शेवट ठरलेला असतो, राक्षस मरणारच. पण मरेपर्यंत त्याच्या प्रत्येक प्रश्नाला देवाच्या नटाला उत्तर द्यावे लागते, आणि जर तो अडखळला तर पहाटे घरी जाणारी माणसे 'आज राक्षस भारी होता' असे म्हणतात. त्यात कोणाची श्रद्धा बिघडत नाही. म्हणजे खल असणे आणि निरुत्तर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या नाट्यविचारातला 'प्रतिनायक' हा शब्द मला म्हणूनच 'खलनायक'पेक्षा प्रिय आहे: त्यात नायकाला प्रति-उत्तर करणारा कोणीतरी आहे.

तेव्हा माझ्या आवृत्तीत हसन कपटीच राहतो. तो युजीनला मारतो. होगन धावून येतो आणि त्याला झोडपतो. तेही राहू द्यावे. फक्त मार देऊन झाल्यावर होगनने ध्वनिक्षेपक उचलावा आणि एवढेच म्हणावे की या पोराला तू मारलेस म्हणून मी तुला मारले. तुझ्या नावावरून तुला लढत नाकारली असेल तर ते मात्र चूक आहे. बस. एवढ्या एका वाक्याने कृत्य आणि तक्रार यांची गाठ सुटते. कंपनीला तिकीटविक्रीत काही तोटा झाला असता असे मला वाटत नाही. दुसऱ्या आठवड्यात माणसे अधिक कुतूहलाने आली असती. आणि एकदा तरी हसनने बोलायचे थांबून दैवारीकडे वळावे आणि दैवारीने फारसीत नव्हे, मिनेसोटाच्या इंग्रजीत बोलावे. काय बोलावे हे मी ठरवत नाही. ते वाक्य त्याचे त्याने आणावे.

आणि तो उतार. त्या प्रसंगाची ध्वनिचित्रफीत मी नंतर पुष्कळदा पाहिली. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली, जी मुलाला सांगितल्यावर तो म्हणाला, "हे तर कुणालाही दिसेल." अंडरटेकरची स्वतःची एक प्रसिद्ध मुद्रा आहे: विजयानंतर मंद प्रकाशात एका गुडघ्यावर टेकायचे आणि डोळे पांढरे करायचे. मृत्यूचे हे सोंग घेणाऱ्या मल्लाचा सगळा संसारच घंटा, धूर, कबरी आणि अंत्यविधी यांचा. त्याने गुडघा टेकला की वीस हजार माणसे भक्तिभावाने गप्प होतात. हसनने गुडघे टेकले की तीच माणसे बुरखेवाल्यांची वाट पाहतात. कृती तीच. माझे दोन रकाने मला आठवले. चिन्हक एक, चिन्हित दोन. इतक्या वर्षांत याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आले नव्हते.

माझ्या आवृत्तीत हसन उतारावर गुडघे टेकतो आणि कोणीही धावत येत नाही. आखाड्यात दैवारीला हरवून अंडरटेकर आपल्या नेहमीच्या मुद्रेत गुडघ्यावर टेकलेला आहे. दोन माणसे, मध्ये तीस पावलांचे अंतर, दोघांच्याही माना खाली. निवेदकांना काय बोलावे ते सुचत नाही. सभागृहाला कोणाला हुर्यो करावी ते कळत नाही. हसनची प्रार्थना संपते. तो उठतो, आखाड्यात जातो, दैवारीला आधार देऊन उभा करतो आणि दोघे चालत निघून जातात. २४ जुलैला लढत व्हावी, हसनने कपट करावे आणि हरावे. रंगमंच फोडण्याची आवश्यकता नाही.

ही आवृत्ती मी गेल्या वर्षी त्या विद्यार्थ्याला दूरध्वनीवर ऐकवली. तो आता एका गावी माध्यमिक शाळेत शिकवतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, आपल्या एकांकिकेची वही आहे का तुमच्याकडे? शाळेच्या गॅदरिंगला बसवीन म्हणतो." वही होती. निळ्या पेन्सिलीने मारलेली ती आडवी रेघही तशीच होती, आणि रेघेखालचे वाक्य वाचता येत होते. मी सबंध वहीची स्वच्छ प्रत काढली, ते वाक्य त्याच्या जागी घातले, सिद्दी इब्राहिमसाठी चार संवाद नव्याने लिहिले, आणि कुरिअरने पाठवून दिली.

डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला. खानाची भूमिका कोण करतो आहे ते मी मुद्दाम विचारले नाही. त्यानेच सांगितले की चिठ्ठ्या टाकल्या. मग म्हणाला, "एक अडचण आहे सर. पाऊण तासात बसत नाही. चारपाच मिनिटं कापावी लागतील. काय कापू?"

"सूत्रधाराचं पहिलं भाषण काप," मी म्हटले. "खान कोण, कुठून आला, ते तो आधीच सांगून टाकतो."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो हसला. "सर, ते भाषण तर तुमचंच होतं."